धुतलेला फिल्टर

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, ह्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हांला सांगते, कारण तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात – समोर कुणी बघायला लागलं की माझा शब्दच फुटत नाही.

आमची एक जुनी व्हॅन आहे. हे शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर होते. शाळेने ती गाडी काढून टाकली तेव्हा ह्यांनीच घेतली. बाकडी काढली, फळ्यांचा पलंग ठोकला, शेगडी बसवली, पाण्याचं पिंप बांधलं. कोथरूडला आमच्या दोन खोल्यांसमोर ती उभी राहिली तेव्हा लोक हसले. पण मी चौथी शिकलेली बाई – स्वारगेटहून माहेरची बस, एवढाच माझा प्रवास. त्या गाडीने मला समुद्र दाखवला. सकाळी मागचं दार उघडून, पाय खाली सोडून, समुद्राकडे बघत चहा प्यायला कुणाला मिळतं?

गाडीचं सगळं दामूअण्णा बघायचे. स्वारगेटजवळ त्यांचं गॅरेज. ह्यांचे तरुणपणापासूनचे मित्र. ऑइल कोणतं घालायचं हे तेच ठरवायचे. इंजिन जुनं, आतून झिजलेलं, त्याला जाड ऑइल हवं, पातळ निसटून जाईल – असं ते मला समजावून सांगायचे. मला! ऑइल बदलताना नव्या ऑइल फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल चोळायचं काम माझं. पोळीला तेल लावायचं बोट ते. काय अभिमान वाटायचा – हसू नका.

मग ती खंडेनवमी आली. दरवर्षी आम्ही गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून पूजा करायचो आणि अण्णा जेवायला यायचे. हे फुलं आणायला गेले होते. मी गाडी आतून-बाहेरून धुतली आणि मग – तेवढ्यावर थांबले असते तर? इंजिनात जाणारी हवा गाळतो त्या एअर फिल्टरच्या झाकणाच्या क्लिपा मला काढता येत होत्या. आतला फिल्टर धुळीने काळा. पूजेच्या दिवशी गाडीच्या पोटात ही घाण ठेवायची? मी तो साबणाच्या पाण्यात बुडवला, ब्रशने घासला, जरा उन्हात ठेवला आणि ओलसरच परत बसवला. तो कागदाचा असतो. ते माझ्या हाताला कळलं होतं. घासताना एक घडी फाटली, तेही दिसलं होतं. फाटकी बाजू मी आत वळवून ठेवली. ह्यांना सांगितलं असतं तर नवा आणला असता, दुसरं काय? नाही सांगितलं.

हिवाळाभर आम्ही धुळीच्या रस्त्यांनी फिरलो. उन्हाळ्यात गाडी निळा धूर सोडू लागली, ऑइल पिऊ लागली. अण्णांकडे नेली. हे समोर चहा सांगायला गेले आणि अण्णांनी ते झाकण उघडलं. घड्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे बोट जाईल एवढं भोक. सगळी धूळ इंजिनात गेली होती.

"वहिनी, धुतलात?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान खाली घातली. त्यांनी तो फिल्टर भंगारात टाकला, नवा बसवला. तेवढ्यात हे चहा घेऊन आले.

"अण्णा, इंजिनाला ऑइल पाजलंस की काकवी? तुझ्या जाड ऑइलानेच वाट लावली."

मला वाटलं, अण्णा आता सांगतील. ते हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "असेल बाबा. माझाच अंदाज चुकला."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक वाक्य पुरलं असतं, नाही का? मी चहाचा कप धरून राहिले. हे आणखी बरंच बोलले – गिऱ्हाइकांसमोर, मित्राला बोलू नये असं – आणि मी तेही ऐकून घेतलं.

इंजिनाचं काम दुसरीकडे झालं. गाडी चालते. आम्ही पुन्हा समुद्रावर गेलो, ह्यांनी पुन्हा पाना माझ्या हातात दिला. अण्णा बोलले असते तर ह्यांनी मला गाडीला हात लावू दिला नसता. अजून चावी फिरून इंजिन धडधडलं की मी मनातल्या मनात अण्णांना हात जोडते. माझं हे सगळं सुख त्यांनी राखलं. का राखलं, मला माहीत नाही. फिल्टरच्या खोक्यावर इंग्रजीत काय छापलं होतं ते मला वाचता येत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण विचारायला तोंड होतं. आणि त्या दिवशी गॅरेजात वाचायचं काहीच नव्हतं.

हे आणि अण्णा त्यानंतर एकमेकांशी बोलत नाहीत. झाकणाच्या त्या क्लिपांना मी आता हात लावत नाही. ह्यांना वाटतं, माझे गुडघे दुखतात.

ह्या खंडेनवमीला गाडीला माळ घालून झाल्यावर हे रस्त्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ताटं घे. दोघंच आहोत."

मी सवयीने तीन काढली होती. एक परत मांडणीवर ठेवलं.