‘कुठं’ असं विचारू नये

कांप दे मास्क गावच्या चंद्रमोहनला मोटारीतलं काय कळत नव्हतं ते विचारा! चौदा वर्षं त्यानं कारखान्याची उसाची लॉरी हाकली होती. नुसत्या खोकण्यावरून तो इंजिनाचं दुखणं सांगे. पण स्वतःची म्हणावी अशी एक सायकल सोडली, तर चाकं असलेली दुसरी वस्तू त्याच्या दारात नव्हती. बायको लवकर गेली, मूलबाळ झालं नाही. घरात तो आणि म्हातारी कुंतीआई, एवढेच. त्याच अंगणात पलीकडच्या घरात धाकटा भाऊ कृष्णदेव राहायचा. राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या एका सरकारी कचेरीतला कारकून, नाकासमोर चालणारा भित्रा माणूस. एकोणीसशे एकोणसाठच्या ऑगस्टात या भित्र्या माणसानं एक जुनी काळी मॉरिस मायनर आणून अंगणात उभी केली. त्या दिवसापासून चंद्रमोहनच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही राहीना.

त्यात बेत काय, तर गणपतीला मोटार बेटाच्या आरपार न्यायची. बहीण पुष्पा पार पश्चिमेला, कास्काव्हेलला दिलेली, तिच्याकडे जायचं. तुम्ही म्हणाल, तीस मैल ते काय! पण आमच्या गावातून तोवर स्वतःच्या गाडीनं एवढं लांब कुणी गेलेलं नव्हतं. लोक तीन बस बदलत जायचे आणि परत आल्यावर आठवडाभर तेच सांगत बसायचे.

तीन आठवडे तयारी चालली. कृष्णदेवच्या बायकोनं, कामिनीनं, सीटना फुलाफुलांचे अभ्रे शिवले. कृष्णदेवनं वहीत कोणत्या चढाला कोणता गिअर ते लिहून काढलं आणि परीक्षेला बसल्यासारखा तो ते घोकू लागला. संध्याकाळी दादाच्या दाराशी येऊन म्हणायचा, "दादा, लोतो बघ ना जरा. ब्रेक धरतात का नीट?" लोतो म्हणजे मोटार, आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.

चंद्रमोहन मुकाट गाडीखाली शिरायचा. एखादी मोठी मोडतोड निघावी, असं त्याला मनापासून वाटायचं. पण हाताला वाईट काम ठाऊकच नव्हतं. त्यानं ब्रेक आवळले, प्लग घासले, रेडिएटर धुतला, जादा चाकात हवा भरली. मनात मात्र जळत होता. देवानं मला हात दिले आणि गाडी दिली याला! ज्याला क्लच सोडताना घाम फुटतो, त्याला!

एका वाक्याची तो वाट बघत होता. "दादा, तूही चल." तोडीचा हंगाम ऐन भरात, तरी त्यानं कारखान्यात गुपचूप तीन दिवसांची सुट्टी सांगून ठेवली होती. कृष्णदेव जगभरचं बोलायचा, तेवढं सोडून. मागं आई, कामिनी आणि दोन पोरं बसणार. पुढं कृष्णदेवच्या शेजारी एक जागा उरत होती. एकदा कामिनी सहज म्हणाली, "करंज्यांचा डबा पुढंच ठेवू या." चंद्रमोहनच्या अंगाचा तिळपापड झाला. करंज्यांना जागा आहे, मला नाही! आपण होऊन विचारावं तर तेही जमेना. थोरल्यानं धाकट्याच्या गाडीत जागा मागायची? त्यापेक्षा जीभ गिळलेली बरी.

आता एक रीत सांगायला हवी. घरातून निघालेल्या माणसाला 'कुठं' असं विचारू नये. विचारलंच तर 'लांब निघालात का?' म्हणावं. आमचे आजे-पणजे या बेटाकडं यायला कोकणातून जहाजात बसले तेव्हा सामान फार नव्हतं, पण ही रीत तेवढी विसरले नाहीत. गंमत अशी, की क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, 'कोत तो पे आले?' म्हणजे 'कुठं चाललास?', आणि जो तो दिवसातून वीसदा ते विचारतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. कुंतीआईचा निवाडाच होता, "क्रिओलातलं कुठं लागत नाही. आपलं लागतं."

निघायचा दिवस उजाडला. चाकापुढं नारळ फुटला. आईनं एकेकाच्या हातावर दही घातलं, अगदी चंद्रमोहनच्याही. घरचाच माणूस म्हणून दिलं असेल, असं म्हणून त्यानं ते चाटलं आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. मंडळी गाडीत बसली. डबा कामिनीच्या मांडीवर होता. पुढची जागा मोकळीच. म्हणजे रिकामी जागा नेतील, पण मला नेणार नाहीत! गाडी दोन आचके देत फाटकापर्यंत आली आणि त्याच्याजवळच थांबली. कृष्णदेव खिडकीतून बघून हसला. तो काही बोलणार होता, पण ते हसू चंद्रमोहनला सोसलं नाही.

"कुठं निघालास रे किष्णा?" स्वच्छ मराठीत त्यानं विचारलं.

कृष्णदेवनं इंजिन बंद केलं. कामिनीनं पोरांना जवळ ओढलं.

"दादा," कृष्णदेव म्हणाला, "तुझ्यासाठीच थांबलो होतो. वाटेतला पाल्माचा उतार माझ्यानं व्हायचा नाही. हितनं पुढं तू चालवायची, असं आईचं नि माझं ठरलं होतं. आधी विचारलं असतं तर तू मानापायी नको म्हणाला असतास."

त्याच्या हातात किल्ली होती. चंद्रमोहनचा हात आपोआप पुढं झाला.

"उतरा सगळी," कुंतीआई मागून म्हणाली. "घरात बसा, पाणी प्या. तासाभरानं परत निघू."

"आई, मी..."

"विचारणाऱ्याला बरोबर नेत नसतात, मोहन." ती रागावली नव्हती. ते त्याला जास्त लागलं.

तासाभरानं कृष्णदेवनं वही मांडीवर उघडून ठेवली आणि किल्ली फिरवली. या वेळी गाडी फाटकाशी थांबली नाही. चंद्रमोहन रस्त्यात येऊन बघत राहिला. हेवा कुठल्या कुठं गेला होता. आता नुसती भीती होती, आईची, पोरांची, त्या भित्र्या भावाची. उसापलीकडच्या चढावर गाडीचा दम कोंडला. कृष्णदेवनं गिअर बदललाच नव्हता.

"दुसरा टाक!" चंद्रमोहन मोकळ्या रस्त्यावर ओरडला. "किष्णा, दुसरा टाक!" आणि त्याचा डावा पाय मातीतच क्लच दाबत राहिला.