हत्तीला पुढून शेपूट

सन २०२२. सप्टेंबर महिना, हवा पावसाळी. तेव्हा माझ्या हातून जे झालं ते सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे अडवू नका.

मी चौथी शिकलेला माणूस. पण बेंगळूरूत चाळीस वर्षं भिंती रंगवल्या. आता बेळ्ळंदूरला मुलाकडे राहतो. घरात भिंतीचा प्रश्न निघाला की माझ्याकडे बघायचं, हा शिरस्ता.

नातीचा, मीराचा, सातवा वाढदिवस आला. तिला खोलीत हत्तींचा वॉलपेपर हवा होता. आणि तो लावायला कोण उभं राहिलं? आमचे व्याही, सुनेचे वडील, नाना! पुण्याहून आलेले. जन्मभर बँकेत बसलेला माणूस. मोबाइलवर बघून शिकले म्हणे. एका सकाळी अख्खी भिंत केली.

काय ते कौतुक! मुलाने फोटो काढले. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात!" मीरा तर नानांच्या गळ्यातच. माझ्या भिंतींचा एक तरी फोटो कुणी काढलाय? सांगा!

मी चष्मा लावून भिंतीजवळ गेलो. कागदाखाली हवेचे फुगे सापडले. तीन! केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

"नाना, फुगे आलेत."

"येतात हो. हवा ओली आहे. दोन दिवसांत वाळला की कागद आपोआप बसतो. फक्त हात लावू नका."

हात लावू नका! मला! भिंतीला!

दुसऱ्या दिवशी मीरा शाळेत, मुलगा ऑफिसात. सून आणि नाना केक सांगायला मारतहळ्ळीला. घरात मी आणि भिंत. रंगाला फुगा आला तर फोडायचा, खरवडायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची. कागदाचं वेगळं काय असणार?

माझी इन्सुलिनची सुई घेतली. तिच्यातून गोंद जाईना. मग पहिल्या फुग्याला ब्लेडने चीर दिली आणि आत गोंद ओतला. स्वल्प ओतायचा, तो मी रागाने ओतला. फुगा पुरीसारखा टम्म झाला. लांबीच्या पत्र्याने दाबला, तर हत्तीची सोंडच सुटून हातात आली.

घाम फुटला. उरलेली गुंडाळी शोधली. घाईत चार तुकडे वाया घालवले, पाचवा बसला. गुंडाळी संपली. पण लांबून बरं दिसत होतं. चष्म्यावर गोंद उडालाय, हे नंतर कळलं.

मीरा शाळेतून आली आणि किंचाळली, "एलिफंटला पुढून शेपूट!"

तोवर सून आणि नानाही परतले होते. सून हसून हसून खाली बसली. "बाबा, हे काय लावलंत हो?" तिने नानांना विचारलं.

नाना भिंतीजवळ गेले. तुकड्यावर बोट फिरवलं. ओला गोंद लागला. मग त्यांनी माझ्या बाहीकडे पाहिलं. बाही गोंदाने माखलेली. मी छताकडे पाहिलं.

"माझंच चुकलं असेल," नाना म्हणाले. "वय झालं आता."

झालं! त्यांनी मला झाकलं. आणि मी झाकून घेतलं. मी मुलाकडचा. मुलीकडच्यांपुढे मान खाली घालायची आमच्याकडे रीत नाही. पण घास उतरेना. उपकार, आणि तेही नानांचे! वर उरलेले दोन फुगे, ज्यांच्यापर्यंत मी पोचलोच नव्हतो, ते आपोआप बसले.

रविवारी वाढदिवसाला बिल्डिंगमधले तीसेक लोक आले. खालच्या मजल्यावरच्या ललितक्कांनी भिंत पाहिली आणि कन्नडमध्ये विचारलं,

"अय्यो! शेपूट पुढे? कुणी केलं हे?"

"आमच्या पुण्याच्या नानांनी!" मीरा कन्नडमध्येच ओरडली. सगळी खोली हसली. नानाही हसले, हात जोडून.

ते जोडलेले हात मला बघवेनात. मी घसा खाकरला.

"शेपूट मी लावली. नाना घरात नसताना, त्यांनी नको म्हटलेलं असताना. बाकीची भिंत नानांची. ती बघा."

मुलगा, सून, नाना यांना कळलं. बाकीचे नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. "एनु?" ललितक्कांनी विचारलं. त्यांना मराठी कुठे येतं? मग सगळं कन्नडमध्ये सांगितलं. मागे लखनौचं जोडपं उभं होतं. त्यांच्यासाठी हिंदीत सांगितलं.

नानांचं देणं फिटलं.