नेमला की निवडला?

"नेमला की निवडला?"

कोणाच्याही हाती सत्ता आल्याचं कानावर पडलं की मास्तर टेबलावर बोटानं दोनदा टकटक करत आणि हे विचारत. मग तो आमच्या वेअरहाऊसचा नवा सुपरवायझर असो, त्यांच्या इमारतीच्या कॉन्डो बोर्डाचा चेअरमन असो, नाहीतर एखाद्या देशाचा पंतप्रधान. मी आमच्या आंबेडकर असोसिएशनची सहसचिव झाले तेव्हा पेढा हातात घेऊन त्यांनी मलाही सोडलं नाही.

"निवडून आले," मी म्हटलं. "बिनविरोध."

"म्हणजे कोणी हातच वर केला नाही?" पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

कॅनडात, वॉनमधल्या त्या वेअरहाऊसमध्ये मी डिस्पॅचच्या टेबलावर होते आणि ते खाली पॅलेटवरची लेबलं तपासत. त्याआधी सुदानमध्ये, ओमदुर्मानच्या एका शाळेत, त्यांनी वर्षानुवर्षं इतिहास शिकवला होता. लष्करानं सत्ता घेतल्यावर हेडमास्तर म्हणाले, खुर्चीवरून उठवलेल्या पंतप्रधानाचं नाव वर्गात काढू नका. दुसऱ्या दिवशी यांनी ते नाव फळ्यावर लिहिलं, तेही मोठ्या अक्षरात. नोकरी गेली. मी त्यांना मास्तर म्हणायचे. अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडे मुलं उस्ताझ म्हणतात. मास्तर चालेल."

दर शनिवारी कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये ते आपल्या सुदानी मुलांचा वर्ग घेत. शेजारच्या खोलीत आमचा मराठीचा वर्ग असे. आमची मुलं मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत, त्यांची अरबी प्रश्नाला. या एका दुःखावर आमची मैत्री झाली. फोल्डिंगच्या खुर्च्याही आम्ही वाटून घ्यायचो.

त्यांना खुर्च्या जास्त लागत. कारण मास्तर सुदानचे पंतप्रधान शिकवत ते ओळीनं खुर्च्या मांडून. एकेक मूल एकेक पंतप्रधान व्हायचं, आपलं नाव सांगायचं, काय केलं ते सांगायचं आणि बसायचं. पहिल्या खुर्चीवर स्वातंत्र्याच्या वेळचा. पुढे एक ऐन तिशीत पंतप्रधान झालेला, जो पायउतार झाला आणि वीसेक वर्षांनी पुन्हा निवडून आला. त्याच्यासाठी एकाच मुलीला धावत जाऊन दुसऱ्या खुर्चीवर बसावं लागे आणि सगळा वर्ग खिदळे. मग लष्कर येई. मास्तर टकटक करत, मुलगी उठे आणि पुढची खुर्ची रिकामी राही. लष्करानं तर पंतप्रधानपदच काढून टाकलं होतं, कितीतरी वर्षं. तेवढा वेळ वर्ग गप्प बसे.

एका जानेवारीत मी घाईनं आत शिरले आणि बर्फानं भिजलेला माझा कोट अशा एका रिकाम्या खुर्चीवर टाकला. मास्तरांनी तो उचलला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"सिस्टर, ही जागा घेतलेली आहे."

"कोणी?"

"लोकांनी. ते येईपर्यंत इथे टोपीसुद्धा ठेवायची नाही."

कॅनडाच्या हिवाळ्यात, पंधरा मुलांच्या पंधरा कोटांच्या त्या खोलीत! मला हसू आलं आणि लाजही वाटली.

त्यांना चिडवायला मला आवडायचं. एकदा म्हटलं, "मास्तर, अलीकडचा तुमचा तो अर्थतज्ज्ञ पंतप्रधान, आंदोलनानंतर आलेला, तो तरी कुठे निवडणूक जिंकून आला होता?" ते आठवडाभर लंचला वेगळ्या टेबलावर बसले. पुढच्या शनिवारी तो पंतप्रधान झालेल्या मुलाला म्हणाले, "तू अर्ध्या खुर्चीवर बस. तुला बसवलं लोकांनी, उठवलं बंदुकीनं. पण मतदान व्हायचं राहिलं." पोरगं तासभर खुर्चीच्या कडेवर तोल सांभाळत बसलं. स्वतःची चूक अशी खुर्चीवर मांडून दाखवणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

मग तिकडे युद्ध पेटलं आणि त्या युद्धातच लष्करानं एक नवा पंतप्रधान नेमला. त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांच्या सुदानी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम आला. मंडळाचे सेक्रेटरी शनिवारी वर्गात आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "उस्ताझ, वकिलातीतले पाहुणे येणार आहेत. शेवटच्या खुर्चीवर नव्याला बसवू या. फक्त एक मूल, दोन वाक्यं."

टेबलावर टकटक झाली. "नेमला की निवडला?"

"माझी आई अजून तिकडे आहे," सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले. "पासपोर्टची कामं असतात."

"माझी बहीणही तिकडेच आहे. तिला आधीच विचारलं मी. ती म्हणाली, खुर्ची सोडू नकोस."

पुढच्या आठवड्यात मंडळानं वर्गाच्या खोलीचं बुकिंग रद्द केलं. मास्तर मुलांना घेऊन पार्किंग लॉटमध्ये उभे होते आणि बर्फात बुटानं चौकोन आखत होते. पंतप्रधान बर्फात उभे केले होते! शेवटचा चौकोन रिकामा.

मला राहवलं नाही. आमच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला, आपली खोली एक तास त्यांना देऊ या. आमचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, लेट्स नॉट गेट इन्टू देअर पॉलिटिक्स. नंतर बघू." माझं बोट आपोआप टेबलावर गेलं. मी म्हटलं, "दादा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि आपण मताला घाबरतो? आपण सगळे बिनविरोध बसलोय. आज एकदा तरी हात वर करू या." हात वर झाले. काही विरोधातही झाले, आणि मला त्यांचाही आनंद वाटला. शनिवारी मास्तर आमच्या खोलीत आले. "जय भीम," म्हणाले, आणि लगेच विचारलं, "विरोधात किती?"

या फेब्रुवारीत ते गेले. चार दिवस हॉस्पिटलात होते. नर्सनं सांगितलं, आता तुमच्या केसचे इन्चार्ज नवे डॉक्टर आहेत, तर पलंगाच्या कठड्यावर बोटं हललीच. मी शेजारी होते. मी हसले आणि रडले.

पुढच्या शनिवारी मी लवकर गेले आणि खुर्च्या मांडल्या. समोर मास्तरांची खुर्ची ठेवली, रिकामी, तिच्यावर एक फूल. मुलं आली. दहा वर्षांची अमल पुढे झाली आणि तिनं ते फूल उचलून माझ्या हातात दिलं.

"आंटी, धिस इज राँग. एम्प्टी इज फॉर स्टोलन. नोबडी स्टोल हिज चेअर. उस्ताझ डाइड. वी हॅव टू व्होट."

तिथल्या तिथे मतदान झालं. मास्तरांच्या पहिल्या तुकडीतली, आता नर्सिंग शिकणारी हिबा उभी राहिली. कोणीतरी माझंही नाव सुचवलं. मला दोन मतं पडली. आयुष्यात पहिल्यांदा मी निवडणूक लढले आणि चांगली सपाटून हरले.

हिबा मास्तरांच्या खुर्चीवर बसली आणि तिनं टकटक केली. पहिला पंतप्रधान उठून नाव सांगू लागला. ओळीच्या टोकाला शेवटची खुर्ची रिकामी होती. खोलीत दुसरी जागा उरली नव्हती, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि माझा ओला कोट तासभर हातातच धरून ठेवला.