पिवळे नमुने

माझी आत्या मेंढरंवाली. नांदूरघाटच्या शिवारात तिची मेंढरं दरसाल माजी सरपंचांच्या रानात बसायची. त्यांच्या रानाला लेंडीखत, हिला ज्वारी. त्या हिवाळ्यात तिची राखणीची कुत्री एकामागून एक आजारी पडली. डोळ्या-नाकातून चिकट पाणी, मग झटके, मग खेळ खलास. तेवढ्यात माजी सरपंचांचाही कुत्रा तसाच झटके देत मेला आणि त्यांनी पारावर, अख्ख्या गावादेखत, आत्याकडे बोट केलं.

"हिनंच इष घातलंय बे! माझ्या कुत्र्याला टाकलेलं हिच्या कुत्र्यांनी बी खाल्लं. काढा हिची मेंढरं शिवाराबाहेर!"

लोकांनी माना डोलावल्या. लोकांचं काय जातंय!

मी तेव्हा जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण संपवून कुत्र्यांच्या विषाणूंवरच संशोधन करत होते. बर्फाचा डबा घेऊन गेले, आजारी कुत्र्यांच्या डोळ्या-नाकातले नमुने कापसाच्या काड्यांवर घेतले आणि प्रयोगशाळेत आणले. माझ्या मार्गदर्शक सरांनी नळ्या उजेडात धरल्या. सगळ्या पिवळ्या.

"काय हो बाई, कुत्र्यांच्या हळदीला गेला होतात का?"

सगळी प्रयोगशाळा हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्यात जनावर आजारी पडलं की खंडोबाचा भंडारा लावतात, कपाळाला, नाकाला, चिमूटभर जिभेवर. कुत्रं तर देवाचंच. पण हळदीनं तपासणी बिघडते, हे खरं होतं.

"नमुने बाद, मान्य," मी म्हणाले. "हसणं पण बाद करा."

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गावाकडे निघाले.

आत्याची एकच कुत्री उरली होती, तिलाही ताप भरलेला. "हिला भंडारा लावू नको," म्हटल्यावर आत्या कडाडली, "तुझ्या काडीपायी देवाला थांबीवू व्हय गं?" लई भांडलो. शेवटी तिनं भंडारा फडक्यात बांधला आणि ती पुडी कुत्रीच्या गळ्यात अडकवली. देवही राहिला आणि नाकही बिनहळदीचं राहिलं.

तिचा नमुना घेऊन मी थेट माजी सरपंचांच्या अंगणात गेले. त्यांचा दुसरा कुत्रा खुंट्याला बांधलेला, झटके देत पडला होता.

"इष हाय ते. तपासायचं कावून?"

"इष असंल तर इषच निघंल. कापसाच्या काडीला भ्यायलात का मालक?"

चार माणसं बघत होती. नाही म्हणायची त्यांची सोय उरली नाही.

दोन्ही नमुने प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत पेशींवर टाकले आणि वाट बघत बसले. एके सकाळी सूक्ष्मदर्शकात पाहते तर पेशी एकमेकींत मिसळून त्यांचे मोठे गोळे झालेले. मी अक्षरशः ओरडले. कुत्र्यांना झटके आणणारा डिस्टेंपरचा विषाणू! पुढे त्याची जनुकीय अक्षरं वाचून घेतली. आत्याच्या कुत्रीतला आणि मालकांच्या कुत्र्यातला विषाणू अक्षर न् अक्षर सारखा.

हे मी त्याच पारावर सांगितलं.

"मंग हिच्याच कुत्र्यांनी आनला आसंल!" मालक उसळले.

"कुणाकडून कुणाकडे गेला ते यातून कळत नाही, आणि जे कळत नाही ते मी सांगणार नाही. इष नव्हतं. हे मात्र छातीठोक सांगते. आता उरलेली कुत्री आणा, लस टोचते."

लोकांनी कुत्री आणली. मालक उठून गेले.

पुढच्या हंगामात त्यांचा निरोप आला, मेंढरं बसवा म्हणून. आत्यानं निरोप्यालाच सुनावलं, "इष घालनारीची मेंढरं कशाला पायजेत? पायजेच आसली तर मालकानं सोता पारावर यावं." मला धास्ती वाटली. रान गेलं तर ही वर्षाची ज्वारी आणणार कुठून? पण खरं सांगते, अभिमानही तेवढाच वाटला.

मालक आले. पार भरलेला होता. आत्याची कुत्री वाचली होती, फक्त तिचा एक पाय अजून झटके खायचा. ती आत्याच्या पायाशी पडलेली. मालक खाली बघून काहीतरी पुटपुटले, चूक झाली असं काहीसं.

आत्यानं कानामागे हात धरला.

"मोठ्यानं म्हना, मालक. त्या दिशी लई आवाज होता तुमाला."