एक कंपास कमी

वर्ग कसा ताब्यात ठेवायचा हे बी.एड.ला शिकवतात. वर्गाची भीती वाटली तर काय करायचं, ते कुणी शिकवत नाही. मी चंदगडची. राजारामपुरीत खोली घेतली आणि शहराबाहेरच्या एका शाळेत गणिताची पहिली नोकरी धरली. माझ्याआधीचे सर नववीतल्या दोघांचं भांडण सोडवायला गेले, आणि वर्तुळ काढायच्या कंपासाचं टोक त्यांच्या दंडात घुसलं. सर बरे झाले, पण परत आले नाहीत. मारणारा मुलगाही शाळा सोडून गेला. वर्गातले सगळे कंपास मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात गेले. आई रोज फोनवर म्हणायची, "न्हाय जमलं तर ये परत. काजू गोळा करायला माणूस लागतंयच."

दोन महिने मी त्या वर्गाकडून बांगडी ठेवून वर्तुळं काढून घेतली. पण त्रिकोणाच्या रचना आल्या, तिथं बांगडी काय कामाची? शेवटी कंपास मागितले. मुख्याध्यापक म्हणाले, "मोजून न्या, मोजून आणा. एक जरी कमी भरला तर कपाट पुन्हा उघडणार न्हाय."

बेचाळीस नेले. तास झकास झाला. पोरं जीभ बाहेर काढून कंस काढत होती. घंटा झाल्यावर डब्यात मोजले, तर एक्केचाळीस. पुन्हा मोजले, तेवढेच. मी दार लावून घेतलं आणि ओरडले, "ज्याच्याकडे असेल त्यानं मुकाट्यानं द्यावा." मागच्या बाकावरच्या थोराड मुलावर माझा संशय. त्याला पुढं बोलावलं. त्यानं खिसे उलटे केले आणि हात वर करून उभा राहिला.

पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्याच हातात हाय की."

कसा धरायचा ते दाखवायला मीच एक उचलला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर्ग खो खो हसला. मीही हसत खुर्चीत बसले. इतकं हायसं नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही वाटलं नव्हतं.

तो मुलगा मात्र हसला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "टोक तेवढं तिकडं करा की. भ्या वाटतंय."

इतके दिवस मी समजत होते, भीती माझ्या एकटीच्याच वाट्याला आली आहे. मी कंपास डब्यात टाकला, झाकण लावलं. तेव्हा कुठं त्यानं हात खाली घेतले.