भरल्या गाडीचं माप

शहापूरहून किन्हवलीला जाताना डाव्या हाताला दामू फर्डेचं पत्र्याचं दुकान लागे. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि खाली दामू. पाटी नव्हती. कुणी पत्ता विचारला तर लोक सांगत, "सरळ जा. कान बसायला लागले की उतर."

दामू जीपांचे टप बनवायचा. तालुक्यातल्या प्रवासी जीपला कापडी छप्पर कधीच पुरलं नाही. माणसं आत बसत, मागे लटकत, आणि भाजीच्या पाट्या, कोंबड्या, लग्नाचा रुखवत असलं सगळं टपावर जाई. तसला टप दामूच्याच हातचा लागे. एकदा त्याच्या टपावर बसून अख्खा बँड ढोलासकट आटगावहून आला. टप वाकला नाही. बँडवाले थोडे वाकले होते.

त्याची एक पद्धत होती. माप तो भरल्या गाडीचंच घेई. एक्याण्णव साली त्याने एका रिकाम्या जीपचं माप घेऊन टप बसवला होता. ती जीप चौदा माणसं घेऊन डोळखांबला पोचली, आणि दारं उघडेनात. बॉडी वजनाने बसली आणि दारं टपात अडकली. माणसं एकेक करून मागच्या फटीतून निघाली. त्यांत एक नवरदेव होता. मुंडावळ्या फटीतच राहिल्या.

"रिकामी गाडी म्हंजे काय गाडी हाय काय?" त्यानंतर दामू म्हणू लागला. "डायवर चहाला उतरतो तेवढीच ती रिकामी."

मापासाठी त्याचा ठरलेला माणूस म्हणजे पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा राघो. वजन एकशे तीन किलो. दर सोमवारी राघो गिरणीच्या काट्यावर स्वतःला तोलून घेई आणि आकडा दामूला ओरडून सांगे. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नसे.

अठ्ठ्याण्णव साल उजाडेपर्यंत जीपा कारखान्यातूनच टप घालून येऊ लागल्या आणि दामूची ठोकठोक कमी झाली. हे त्याच्या आधी त्याच्या बायकोला, वत्सलाला कळलं. तिचा धाकटा भाऊ अनिल आसनगावला एका कारखान्यात होता. त्याची इस्त्रीची पँट, खिशाला पेन आणि बोलण्यात शिफ्ट.

"दाजी, आपल्या प्रेस शॉपला जागा हाय," तो म्हणाला. "एक जूनला जॉइन. टाइमवर कार्ड पंच, टाइमवर घरी. लाइफ सेट."

"आन करायचं काय?"

"काय नाय. मशीनचा दांडा खाली वढायचा. पत्र्याला खड्डा पडतो."

"मंग?"

"मंग दुसरा पत्रा."

 दिवसभर एकच खड्डा पाडायचा, आणि तोही दुसऱ्याने ठरवलेला, या विचाराने दामूला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण असलं कारण बायकोला सांगता येत नाही. त्याने पोटात गॅस झाल्याचं सांगितलं.

त्याच आठवड्यात दुकानासमोर एक लाल गाडी येऊन उभी राहिली. दोन सीटची, जमिनीला टेकेल इतकी बसकी, आणि वर काहीच नाही. तिच्यातून शेखर नावाचे गृहस्थ उतरले. राहायला मुंबईत, शेतघर मुरबाडच्या पुढे.

"दामूभाऊ, ही बेसिकली इटालियन आहे. फियाट. सिक्स्टी-एटची."

दामूने गाडीभोवती एक फेरी मारली. "फियाट? टॅक्सीवाली?"

"टॅक्सी नाही हो! स्पोर्ट्स कार. स्पायडर म्हणतात हिला."

"हिचं वरचं कुठं गेलं?"

"वरचं ॲक्च्युअली नसतंच. कापडी हूड होता, तो शेतघरावर उंदरांनी खाल्ला. मला पत्र्याचा हार्डटॉप हवाय. पावसाळ्यात लावायचा, दिवाळीत काढायचा. आणि एकच कंडिशन. बॉडीला नवीन भोक पाडायचं नाही. एकही."

दामूने काचेवरची पट्टी चाचपली. जुन्या हुडाचे दोन चाप तिथे शाबूत होते. मागे, डिकीच्या अलीकडे, दोन बोल्टांची जुनी भोकं होती. म्हणजे पुढे दोन चाप, मागे दोन बोल्ट. भोकाची गरजच नव्हती.

"एकतीस मेला न्या," तो म्हणाला.

"आणि प्लीज, गाडीत कुणी बसायचं नाही. फार डेलिकेट आहे ती."

दामूने मान हलवली. माप देणं म्हणजे बसणं, असं त्याला वाटत नव्हतं.

वत्सलाने संध्याकाळी भाकऱ्या थापताना निकाल दिला. "ही लाल गाडी झाली तर दुकान ऱ्हाऊ द्या. मी पुन्ना नाव काढणार नाय. नाय झाली तर एक तारखेला डबा भरीन. भाजी कंची ते आत्ताच सांगा."

"भाजीचं मागनं बघू," दामू म्हणाला.

अडचण आकाराची होती. जीपचा टप म्हणजे पेटी. चार कोपरे, संपलं. या गाडीला कोपराच नव्हता. जिथे पट्टी धरावी तिथून गाडी दुसरीकडे वळलेली असे. दामू तीन दिवस समोर बसून राहिला. चौथ्या दिवशी शुक्रवारचा बाजार होता आणि डोंगराकडच्या वाडीवरची रखमी डोक्यावर इरल्यांची चळत घेऊन रस्त्याने चालली होती. भात लावताना वाकलेल्या माणसाची पाठ डोक्यापासून कमरेपर्यंत झाकणारं हे बांबूचं आणि पानांचं इरलं. त्याला कोपरा नसतो.

"रखमे, हिला एक इरलं इणशील?" दामूने विचारलं.

रखमीने चळत खाली ठेवली आणि गाडीकडे पाहिलं. "हिचं डोकं कंचं?"

"ही काच म्हंजे कपाळ. ती डिकी म्हंजे कंबर."

"आन वाकून लावते काय ही?"

"काय नाय लावत. मुंबईला जाते."

"मंग येवढी वाकली कशाला?" रखमी म्हणाली आणि कामट्या काढायला बसली.

माप पद्धतीप्रमाणे घेतलं. चालकाच्या जागी राघो बसला. तो बसताच गाडीने एक सुस्कारा सोडला. शेजारी वत्सला, आणि तिला अर्धा टेकून रखमीचा नवरा वाळू. मागच्या सामानाच्या फळीवर गिरणीतल्या दोन दळणवाल्या. त्यांचं दळण व्हायचं होतं, त्यांना वेळ होता. रखमी सगळ्यांच्या डोक्यावरून विणत चालली.

"माजं डोकं लागतंय," वाळू आतून म्हणाला.

"डोकं खाली घे. इरलं नाय उचलायचं."

मग दामूने इरल्यावर पाहून पाहून पत्रा ठोकला. रेतीच्या पिशवीवर ठोकायचा, इरल्यावर धरून बघायचा, पुन्हा ठोकायचा. मागे काच बसवली, कडेने रबर लावलं. रंगाआधी तीनदा टप गाडीवर चढवून पाहिला. तिन्ही वेळा आत राघो आणि मंडळी होती, कारण ती असतातच. तिन्ही वेळा चाप टकाटक लागले. मग टप उतरवून त्याला लाल रंग मारला. दामू रात्री नीट जेवला. वत्सलाने गॅसची चौकशी केली नाही.

एकतीस मे, रविवार. शेखर सकाळी दहालाच आले. अनिलही आला. हातात फाइल, फाइलीत दामूचा फोटो, शाळेचा दाखला आणि उद्याचा फॉर्म. रखमी आणि वाळू आपण केलेलं इरलं बघायला वाडीवरून उतरले होते. राघो तेवढा नव्हता. मुरबाडला मेव्हणीच्या लग्नात तो पंगतीला बसला होता.

दामू आणि वाळूने टप उचलून गाडीवर ठेवला. दामूने मागचे बोल्ट आवळले, पुढे आला, चाप ओढला.

चाप पोचला नाही.

मध्ये अर्ध्या बोटाची फट होती. दामूने टप दाबला, सरकवला, बोल्ट सैल करून पुन्हा आवळले. फट तेवढीच राहिली. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच.

"शॉर्ट झालाय का हो?" शेखर म्हणाले.

"तीन टायमाला बसला हा," दामू म्हणाला. "तीन टायमाला."

"दाजी, टेन्शन कशाला?" अनिलने फाइल बगलेत मारली. "काचेच्या पट्टीला दोन भोकं पाडा, स्क्रू मारा. फिनिश."

"भोक नाय पाडायचं."

"मंग उद्या सात पाचची एसटी. तुमचा पास मी काढून ठेवतो."

 वत्सलाने पदर खोचला. दामू फटीकडे बघत उभा राहिला. फटीतून त्याला गाडीच्या दोन मोकळ्या सीट दिसल्या. 

"गाडी रिकामी हाय," तो म्हणाला.

"अर्थातच रिकामी आहे," शेखर म्हणाले.

"म्हंजे वर उचललेली हाय. मधी बसली की काच आन डिकी जवळ येतात. माप भरल्या गाडीचं हाय, साहेब." मग तो वत्सलाकडे वळला. "गो, बस."

वत्सला दार उघडून आत बसली. तिने एकदाही विचारलं नाही की कशाला. रखमी आणि वाळू मागच्या फळीवर चढले. फट थोडी कमी झाली.

शेखरांचा चेहरा उतरला. "एक मिनिट, दामूभाऊ. मी सांगितलं होतं की गाडीत कुणी बसायचं—"

"तुमीबी बसा, साहेब."

शेखर स्वतःच्या गाडीत जपून बसले. फट काडेपेटीच्या काडीएवढी उरली. दामूने चाप ओढला. चाप टेकला आणि निसटला.

"राघो पायजे होता," वाळू मागून म्हणाला.

"राघो जिलबी खातोय," दामू म्हणाला. मग त्याने अनिलकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"मी नाय हां," अनिल मागे सरला. "पँट इस्त्रीची हाय. आन मला उलट... मी कशाला बसू?"

गाडीच्या आतून, गुडघे हनुवटीला लागलेले असताना, वत्सलाचा आवाज आला. "अनिल, बस."

"ताय, अगो मी तुज्यासाठीच—"

"फाइल घेऊन बस. तेवढंच वजन."

अनिल फाइल छातीशी धरून बहिणीच्या अर्ध्या सीटवर बसला. गाडी आणखी थोडी खाली गेली. दामूने चाप ओढला. टक. पलीकडे गेला. टक.

"आता सावकाश उतरा," तो म्हणाला. "एकेक करून."

अनिल उतरला, वत्सला उतरली, रखमी उतरली, वाळू उतरला. प्रत्येक माणसागणिक गाडी कण्हली. टप जागचा हलला नाही. शेखरांनी बसल्याजागीच दार लावलं. याआधी ते लावायला त्यांना दोनदा आपटावं लागे. या वेळी ते हळूच लागलं.

ते किन्हवलीपर्यंत जाऊन आले. उतरले तेव्हा आवाज बदललेला होता. "खडखड गेली! बारा वर्षं होती हो ती. ॲक्च्युअली बॉडी ताठ झालीय."

"टपाने धरून ठेवलीय तिला," दामू म्हणाला.

"पण दिवाळीत मी हा काढणार कसा? मुंबईत इतकी माणसं..."

मुंबईत माणसं नाहीत, यावर रखमीने वाळूकडे पाहिलं.

"हितं आणा," दामू म्हणाला. "आमी सगळी हाव."

अनिलने फाइल उघडून फॉर्म काढला. त्याला बसल्याची घडी पडली होती. त्याने तो बहिणीपुढे धरला. वत्सलाने घेतला, चार घड्या केल्या आणि चुलीसाठी कमरेला खोचला. "सात पाचची तुजी तू गाठ," ती म्हणाली. "यांना डबा लागत नाय. घर हितंच हाय."

लाल गाडी पुढे नऊ वर्षं येत राहिली. मृगाआधी टप चढवायला आणि दिवाळीत उतरवायला. शेखरांच्या ओळखीने तसल्याच आणखी चार गाड्या आल्या, आणि दामूने त्या सगळ्यांना रखमीकडून मापाची इरली विणून घेतली. राघो एकशे अकरा किलोपर्यंत गेला तेव्हा सगळे चाप पुन्हा जुळवावे लागले.

अनिल वर्षातून दोन अर्ध्या रजा टाकी. कारखान्याच्या रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. पहिल्या वर्षी त्याने 'घरगुती काम' लिहिलं. पुढे तो सुपरवायझर झाला, आणि मग सरळ 'गाडीत बसणे' असंच लिहू लागला.