भोईर भाऊसाहेबांची मालिका

कोणाच्याही घरी गेले की भोईर भाऊसाहेब चहाच्या आधी विचारत, "वहिनी, सिलिंडर कुठंय?" मग स्वयंपाकघरात डोकावून शेगडीची नळी तपासत आणि दाराजवळची खुर्ची धरून बसत. मोखाड्याच्या पंचायत समितीत ते कारकून होते, मी त्यांच्या हाताखाली नवा लागलेला. या सवयीला लोक हसत, पण ती आली कुठून हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकात गावात केबल नुकतीच आली होती. आग विझवणारे जवान आणि रुग्णवाहिकेवरची माणसं यांची एक जुनी परदेशी मालिका हिंदीत करून दाखवत. भाऊसाहेबांना तिचं वेडच लागलं. रविवारी क्वार्टरमधले आम्ही सगळे त्यांच्या खोलीत जमायचो. भोंगा वाजवत लाल गाडी निघाली की ते मांडी मोडून उकिडवे बसत. वीज गेली तर उरलेला भाग स्वतः रचून सांगत, आणि त्यांच्या भागात माणूस कधी मरत नसे.

"आधी माणूस, मग चौकशी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "घाबरायचं ते घरी जाऊन." ऑफिसात कोणाचं बोट कापलं तरी ही दोन्ही ऐकून घ्यावी लागत.

एकदा आठवडी बाजारात आम्ही दोघं मिरच्या घेत होतो. शेजारच्या भजीच्या गाडीवर स्टोव्हचा भडका उडाला आणि तिथं उभ्या असलेल्या बाईचा पदर पेटला. भाऊसाहेब तिच्या अगदी जवळ होते. बाजूलाच घोंगड्यांचा ढीग होता. असा प्रसंग आम्ही पडद्यावर कितीदा पाहिला होता.

भाऊसाहेब पळाले. हातातली पिशवी टाकून, माणसांना ढकलत, थेट तहसील कचेरीच्या मागे. बाजारही पांगला. घोंगड्या विकणाऱ्या म्हाताऱ्यानं एक घोंगडी तिच्यावर टाकून आग विझवली आणि कोणाच्या तरी जीपमधून तिला जव्हारच्या दवाखान्यात नेलं. ती पोशेऱ्याकडच्या पाड्यावरची सोनीबाई. जीव वाचला, दोन्ही हात भाजले.

भाऊसाहेबांना तोंडावर कोणी काही बोललं नाही. पाठीमागं मात्र हसू सुरू झालं. कोणी जिना उतरताना भोंग्याचा आवाज काढी. ते मान खाली घालून लिहीत राहत. रविवारी त्यांनी केबल बिघडल्याचं सांगितलं. शेजारच्या खोलीत ती चालू होती.

काही दिवसांनी ते मला म्हणाले, जव्हारला येतोस का, एकट्याचे पाय उचलत नाहीत. आम्ही एसटीनं गेलो. दवाखान्यात सोनीबाई खाटेवर बसली होती, हात पट्ट्यांत गुंडाळलेले. भाऊसाहेब उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, मी तुमच्या शेजारी होतो. घोंगडी हाताशी होती. मी पळालो."

"सगलंच पलालं," ती म्हणाली. "सांगाया तूच आलास."

मग तिनं पाणी मागितलं. भाऊसाहेबांनी पेला तिच्या ओठांना लावला. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. त्यांनी पेला पुन्हा भरून आणला.

त्यानंतर त्यांच्या तोंडून ती वाक्यं कोणी ऐकली नाहीत. पुढं बदली मागून ते जव्हारला गेले आणि तिथूनच निवृत्त झाले.

दोन हजारनंतर कधीतरी नाशिकच्या फुटपाथवर मला त्या मालिकेच्या सीडी सापडल्या. न्याव्यात की नाही असं वाटत होतं, तरी घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते थकले होते. जुने हिंदी आवाज ऐकून मात्र खुलले, एकेकाला नावानं ओळखू लागले. एका भागात नवा जवान धुरात शिरायला कचरतो आणि गाडीमागं लपतो. काम उरकल्यावर त्याचा साहेब येतो आणि काही न बोलता त्याच्याशेजारी पायरीवर बसतो. बस, एवढंच.

भाऊसाहेबांनी सीडी थांबवली.

"हे तेव्हाही दाखवलं असेल," ते म्हणाले. "आग विझली म्हणून आपण चहाला उठलो असू."

त्यांनी तो भाग मागं नेऊन पुन्हा लावला. आत सूनबाईंनी चहा झाल्याची हाक दिली. आम्ही दोघंही उठलो नाही.